थंडीतील वीज आणि इंटरनेट : करारापूर्वी काय पाहावे?

प्रश्न : येत्या हिवाळ्यात आम्ही बर्फ पडणाऱ्या एका नव्या गावी राहायला जात आहोत. माझे सगळे काम घरून, इंटरनेटवर चालते. पसंत पडलेले घर रस्त्याच्या टोकाला, झाडीत आहे. वीज क्वचितच जाते आणि फायबरची जोडणीही आहे, असे घरमालक सांगतात. एवढ्यावर विसंबून करार करावा का?

उत्तर : एवढ्यावर विसंबू नये. ‘क्वचित’ म्हटल्याने वीज किती वेळा जाते ते कळते, किती वेळ जाते ते कळत नाही. वर्षात दहा वेळा पाच-पाच मिनिटे गेलेली वीज निभावून नेता येते. ऐन थंडीत एकदाच, पण सलग तीन दिवस गेली तर घरात राहणेच अवघड होते. म्हणून गेल्या काही हिवाळ्यांत सर्वांत लांबलेला खंड किती तासांचा होता, हे शेजाऱ्यांना विचारावे.

मग घरापासून मुख्य रस्त्यापर्यंत तारांच्या कडेने एकदा पायी जाऊन यावे. तारांवर झुकलेल्या फांद्या दिसल्या, तर धोका तिथेच आहे. पडताच गोठणाऱ्या पावसाच्या बर्फाचा थर तारांवर आणि फांद्यांवर चढत जातो आणि त्या भाराने फांद्या मोडून तारांवर पडतात. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात अशा थराने विजेचे पोलादी मनोरेही कोसळले आणि काही भाग कित्येक आठवडे अंधारात राहिले. दारापुढची केबल भूमिगत असली, तरी मागची वाहिनी खांबांवरून येत असेल तर तेवढ्याने भागत नाही. शिवाय दुरुस्ती आधी मुख्य वाहिन्यांची होते. टोकाच्या घरांचा क्रम बहुधा शेवटी लागतो.

फायबरच्या काचेच्या धाग्यातून वीज येत नाही. जुन्या तांब्याच्या दूरध्वनीला एक्स्चेंजमधून वीज मिळत असल्याने तो अंधारातही चालत असे; फायबरचे मात्र तसे नाही. बाहेरची जोडणी शाबूत असली तरी फायबर जिला जोडतात त्या, घरच्या विजेवर चालणाऱ्या भिंतीवरच्या पेटीतले दिवे विझले की इंटरनेट बंद. ही पेटी आणि राउटर मिळून साधारण २० वॅट वीज घेतात असे धरले, तर १२ व्होल्टची, ४० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच वापरूनही दहा-बारा तास पुरते. ती घरातच ठेवावी, कारण थंडीत तिची क्षमता घटते; लिथियम-आयन बॅटरी तर शून्य अंशाखाली चार्ज करू नये.

दुसरी जोडणी हवीच, पण ती त्याच खांबांवरून येणारी नसावी. मोबाइलचे सिग्नल ज्या खोलीत काम करणार तिथे, कामाच्याच वेळी तपासावेत. मात्र वीज गेल्यावर टॉवरही बॅटरीवरच असतो आणि तीही बऱ्याचदा काही तासांचीच असते. उपग्रहाची तबकडी खांबांवर अवलंबून नसते, पण ती राउटरहून अधिक वीज खाते आणि बर्फ वितळवताना आणखीच.

घर उबदार कशाने राहते, हेही विचारावे. गॅसवरच्या मध्यवर्ती यंत्रणेचा पंखा बहुधा विजेवर चालतो, त्यामुळे वीज गेली की गॅस असूनही घर गार पडते. जनरेटर घ्यायचा झाल्यास तो घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही चालवू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि तो जीव घेतो.

विजेशिवाय चालणारी, धुराडे असलेली शेगडी घरात असेल आणि लांबलेला खंड एका दिवसाच्या आतला असेल, तर मी हे घर घ्या म्हणेन. तसे नसेल, तर पहिला हिवाळा मुख्य रस्त्यालगतच्या घरात काढावा.