इंजिन थंड असताना जा

डिचोली
शिगम्यानंतरचा शनिवार

बाय,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला करारनामा आणि डोझरचे फोटो, दोन्ही मिळाले. करारनामा तीनदा वाचला. फोटो एकदाच पाहिले, कारण नवा पिवळा रंग फासलेल्या यंत्रात फोटोतून बघण्यासारखं काही नसतं.

तू दोन प्रश्न विचारलेस. तांदळाच्या करारावर सही करू का, आणि हा जुना डोझर घेऊ का. पण पत्राच्या शेवटी, सहज म्हणून, तिसरी गोष्ट लिहिलीस: करार दाखवला तर बँक डोझरला कर्ज देईल म्हणते. त्या ओळीमुळे मी आज लिहायला बसलो. तुझा हप्ता आणि तुझा शब्द अशी दोन जनावरं एकाच खुंट्याला बांधणार आहेस, आणि तो खुंटा म्हणजे ऑगस्टचा पाऊस.

आधी करार. तुझा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. मोरडीच्या, म्हणजे उंचावरच्या, दीड हेक्टरात ज्योती जातीचं भात, चांगल्या वर्षी हेक्टरी चार टन धरलीस, म्हणजे सहा. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, दीड हेक्टरात खारं सोसणारं कोरगूट, हेक्टरी दोन, म्हणजे तीन. एकूण नऊ टन. त्यातला एक टन घरासाठी आणि बियाण्यासाठी ठेवून आठ टन द्यायचं कबूल केलंस. हिशेब बरोबर आहे, पण तो भाताचा, म्हणजे टरफलासकट दाण्याचा आहे. कागदावर काय लिहिलंय ते परत वाच: ‘उकडा तांबडा तांदूळ, ८ टन’. सरकारी खरेदीत क्विंटलभर भातामागे उकडा तांदूळ ६८ किलो धरतात, आणि आपल्या गावच्या गिरणीत तेवढा सुटला तर गिरणीवाल्याला पेढे दे. तुझ्या आठ टन भाताचा तांदूळ साडेपाच टनही होत नाही. म्हणजे पाऊस अगदी तुझ्या मनासारखा पडला तरी तू अडीच टनांनी कमी पडणार. दुष्काळ लांबच राहिला.

आणि ते नऊ टन तरी कधी मोजलेले? मळणीच्या दिवशी खळ्यावर मोजले असतील तर त्यात पाणी आहे. बावीस टक्के ओलाव्याचं शंभर किलो भात चौदा टक्क्यांवर वाळवलं की नव्वद किलोच्या आसपास उरतं. वजन कोण करणार, कुठल्या काट्यावर, किती ओलाव्याला, हे तुझ्या करारनाम्यात कुठेच नाही. घेणाऱ्याला ते नको असतं असं नाही, त्याच्याकडे त्याचा काटा असतो एवढंच.

आता माझी गोष्ट सांगतो, हसू नकोस. २०२३ साली मी एका व्यापाऱ्याला तीन टन उकडा द्यायचा लिहून दिला होता. त्या वर्षी जुलैत पाऊस एवढा की लावणीचा तरवा वाहून जातो की काय असं वाटलं, आणि मग ऑगस्ट लागला तो कोरडाच. देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट तो. माझं भात नेमकं पोटरीत होतं, कणीस पोटात धरलेलं. शेताला भेगा पडल्या, मी रोज सकाळी जाऊन त्यात बोटं घालून बघायचो. काय बघायचो कोण जाणे. कणसं बाहेर आली ती निम्मी पळिंजाची, पोकळ दाण्यांची. हाती आला एक टन नऊशे किलो तांदूळ. उरलेले अकराशे किलो मी म्हापशाच्या बाजारातून विकत घेऊन त्या व्यापाऱ्याला दिले, कारण करारात तसं होतं: माल नाही दिला तर बाजारभावाने भरपाई. किलोमागे चौदा रुपये माझ्या खिशातून गेले. तुझी काकू अजून लोकांना सांगते, आमच्या घरचा माणूस शेती करतो आणि तांदूळ विकत आणतो.

पैसे गेले ते गेले, पण त्यातली खोच बघ. माझं पीक बुडालं तेव्हाच भाव का चढले? कारण पाऊस माझ्या एकट्याचा गेला नव्हता. भाव एवढे चढत होते की केंद्राने जुलैत बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली आणि ऑगस्टच्या शेवटी उकड्यावर वीस टक्के निर्यात शुल्क लावलं. ज्या वर्षी तुझ्याकडे माल नसतो त्याच वर्षी तो महाग असतो. ठरावीक वजनाचा करार चांगल्या वर्षी गोड लागतो आणि वाईट वर्षी दोन्ही बाजूंनी कापतो.

तुझ्या करारात एक कलम आहे, ‘सरकारने दुष्काळ जाहीर केल्यास माल देण्याचे बंधन राहणार नाही’. तुला ते फार आवडलेलं दिसतं, खाली रेघ मारली आहेस. बाय, गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपला दुष्काळ वर्षाच्या बेरजेत दिसतच नाही. जून-जुलैत धो धो पडून ऑगस्टचे तीन आठवडे कोरडे गेले तरी वर्षाचा आकडा ठणठणीत असतो आणि भात मात्र गेलेलं असतं. तिथे जाहीर कोण करणार? त्यापेक्षा लिहून घे की पेडण्याच्या पर्जन्यमापकावर ऑगस्ट महिन्यात अमुक मिलिमीटरहून कमी पाऊस नोंदला गेला तर द्यायचा माल अमुक इतका कमी. आकडा हवामान खात्याचा, तुझाही नाही आणि त्याचाही नाही. भांडायला जागा राहत नाही.

खाजनासाठी वेगळी ओळ हवी. तिथे पावसाने ओढ दिली की पाणी आटतं एवढंच होत नाही, खालचं मीठ वर येतं. मेरेच्या कडेला पांढरं फुललं की समजायचं. कोरगूट ते बरंच सोसतं, पण सोसणं आणि पिकणं वेगळं. आणि बांध फुटून किंवा मानशीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराची, फळी निसटून खारं पाणी आत शिरलं तर तो दुष्काळही नव्हे आणि पूरही नव्हे, मग तो तुझ्या करारात कशात बसतो? कशातच नाही. तर ते नाव घेऊन लिही.

माझ्या पुतणीने, ती वकिली करते, मला एक जुना विलायती खटला सांगितला होता, १८७६ चा. लिंकनशायरमधल्या एका शेतकऱ्याने आपल्या ठरावीक जमिनीत पिकणारे दोनशे टन बटाटे विकायचा करार केला. रोग पडला, हाती आले ऐंशी टन. घेणारा कोर्टात गेला, आणि कोर्टाने शेतकऱ्याला सोडलं, कारण करार ‘त्या जमिनीतल्या’ बटाट्यांचा होता. नुसते दोनशे टन बटाटे म्हटलं असतं तर बिचाऱ्याला बाजारातून आणावे लागले असते, माझ्यासारखे. आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्यात कलम ५६ आहे, अशक्य होऊन बसलेल्या करारासाठी. पण महाग पडलं म्हणजे अशक्य झालं असं कोर्ट मानत नाही. म्हणून तुझ्या कागदावर सर्वे नंबर घाल. ‘या या सर्वे नंबरच्या शेतात पिकलेल्या भाताचा तांदूळ’, एवढे शब्द. समोरचा ऐकत नसेल तर टनांत बांध, पण आठ नव्हे. तुझ्या बाबाच्या वहीत गेल्या दहा वर्षांचं उत्पन्न लिहिलेलं आहे, त्यातलं सर्वांत पडेल वर्ष शोध, त्याचा तांदूळ कर, घरचं काढ आणि उरेल तेवढंच लिहून दे. बाकीचं चांगल्या वर्षी तू म्हापशाला शुक्रवारी बसून विकशील, कदाचित जास्त भावाने.

पीकविम्याबद्दल विचारलं होतंस. घे, खरीप भाताला आपला हप्ता दोन टक्केच असतो. पण तो बहुतेक करून तुझ्या शेतापुरता नसतो, नेमलेल्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावर पैसे मिळतात. शेजारच्यांचं पिकलं आणि तुझं एकटीचं खाजन खारावलं तर सरासरी बरी दिसते. आणि व्यापाऱ्याला द्यायची भरपाई या विम्यात बसत नाही.

आता डोझर. हा माझा विषय, त्यामुळे लांबण लागेल.

२०१२ त खाणी बंद झाल्या आणि २०१८ त परत बंद झाल्या, तेव्हा अख्ख्या डिचोली-सांगे पट्ट्यात यंत्रं उभी राहिली. डोझर, एक्सकॅव्हेटर, टिप्पर, सगळं. आजही तुला ‘खाणीवरचा आहे, कमी वापरलेला आहे’ असं सांगणारे भेटतात. खरं असतं ते. कमी वापरलेलाच, कारण पाच-सहा पावसाळे तो उघड्यावर उभा होता. चालून झिजलेलं यंत्र मला परवडतं, उभं राहून कुजलेलं नाही. सीलं सुकतात, पट्टा फिरवणाऱ्या फायनल ड्राइव्हमध्ये पाणी जातं, वायरिंग उंदीर खातात, आणि सिलिंडरच्या आत गंज धरतो तो बाहेरच्या रंगाने झाकतात.

पहिल्या बंदीनंतर आम्ही तिघांनी मिळून असाच एक घेतला. मी तेव्हा वीस वर्षं यंत्रांत काढलेला माणूस, मला कोण फसवणार? सकाळी दहाला बोलावलं होतं, दहाला गेलो. सेल्फ मारला, पहिल्या झटक्याला चालू, धूर नाही, आवाज खणखणीत. मी खूश. इंजिनावर हात ठेवायचं डोक्यात आलं नाही. त्यांनी आठ वाजल्यापासून ते चालवून गरम करून ठेवलं होतं. घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करायला पाऊण तास लागला, आणि झालं तेव्हा मागच्या माडांची शेंडी दिसेना इतका पांढरा धूर. म्हणून तुला सांगतो, सांगितलेल्या वेळेच्या दोन तास आधी जा. आधी हात लाव. थंड असेल तरच चावी फिरव.

चालू झाल्यावर ऑइलचं झाकण उघड आणि तळहात वर धर. फक् फक् करत हवा वर येत असेल, मेकॅनिक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर इंजिन उघडावं लागणार हे धरून चाल. निळा धूर थांबत नसेल तर ऑइल खातंय.

पण खरे पैसे खालीच असतात. डोझरच्या दुरुस्तीचा निम्मा खर्च एकट्या पट्ट्याचा: चेन, रोलर, आयडलर, स्प्रॉकेट, आणि शू, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या लोखंडी पट्ट्या. स्प्रॉकेटचे दात बघ, टोकदार झाले असतील, माशाच्या सुळ्यासारखे, तर चेन ताणलेली आहे. चेनचे पिन-बुश एकदा फिरवता येतात, म्हणजे झिजलेली बाजू पालथी करून आणखी काही काळ चालवतात. ते फिरवून झालेत का, हे विचार. ‘माहीत नाही’ म्हणाला तर झालेत. शूची नखं किती उरलीत ते टेपने मोज. खाली वाकून प्रत्येक रोलरपाशी ऑइलचा ओघळ शोध, धुऊन ठेवला असेल तर अर्धा तास चालवून परत वाक. मग उजवीकडे आणि डावीकडे पूर्ण गोल फिरव. एका बाजूला नीट वळतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो, असं झालं तर स्टिअरिंग क्लच किंवा ब्रेक गेलाय. ब्लेड वर उचलून इंजिन बंद कर आणि चहा पी. चहा संपेपर्यंत ब्लेड खाली सरकलं असेल तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह गळतोय. ब्लेडच्या दांड्यांवर ताजं वेल्डिंग आणि ताजा रंग शेजारी शेजारी दिसले तर विचारायचीही गरज नाही. अवर मीटरवर विश्वास ठेवू नकोस. पायाखालच्या पेडलचं रबर बघ, ते खोटं बोलत नाही.

कागद बघताना बँकेचा बोजा उतरलाय का ते लेखी घे. खाणीवरची बरीच यंत्रं कर्जावरची होती.

आता समज, यंत्र चांगलं निघालं. तू ते खाजनात उतरवणार? फोटोतला डी-५० दिसतोय, साधारण बारा टनांचा, साध्या अरुंद शूचा. आमचा तो डोझर मी एकदा मित्राच्या हट्टापायी खाजनात घातला होता. वरून जमीन वाळलेली, पायाखाली घट्ट. पन्नास मीटर गेल्यावर एक बाजू बसली, मग ऑपरेटरने घाबरून मागे घेतला आणि दुसरीही बसली. दुपारी सुकती होती. मानशीकडे बघत आम्ही एक्सकॅव्हेटर शोधत फिरलो. भरतीआधी तो निघाला, पण पाण्यात गेला असता तर आज हे पत्र वेगळ्या माणसाने लिहिलं असतं. चिखलासाठी रुंद शूचे पट्टे लागतात, आणि बांधाचं काम तर त्यानेही नीट होत नाही, ते चिखल थापणाऱ्या जुन्या हातांचं काम आहे. असे हात तुमच्या गावात अजून दोन-चार आहेत, त्यांना आधी विचार.

मोरडीची पडीक शेतं सपाट करायला तुला डोझर हवा, हे कबूल. पण ते काम फार तर साठ-सत्तर तासांचं. उरलेलं वर्ष? भाड्याने देईन, असं लिहिलंस. जून ते ऑक्टोबर तो बाहेर निघत नाही. उरलेल्या सात महिन्यांत आज गोव्यात डोझरला बोलावतात ते मुख्यतः डोंगर कापायला आणि सखल जमिनी बुजवायला. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली त्याला परवानगी लागते, आणि ती नसली तर आधी यंत्र अडकतं, मालक नंतर. खाजन राखायला निघालेल्या मुलीचा डोझर दुसऱ्याचं शेत बुजवताना पकडला गेला, तर तुझ्या बाबाला मी काय तोंड दाखवू? तासावर घे. डिझेल, ऑपरेटर, डोझर वाहून आणणारा लो-बेड ट्रक, सगळं मालकाचं, तुझी फक्त साठ तासांची बिलं.

तरी घ्यायचाच असेल तर करारावरच्या कर्जाने घेऊ नकोस. दोन भाताची पिकं होऊ दे, एक पावसाळी सरद आणि एक पावसाळ्यानंतरचं वायंगण, मग बघू.

रविवारी ये. बाबाची वही आण, आणि करारनाम्याची झेरॉक्स, मूळ प्रत घरीच ठेव. डोझरवाल्याला तुझ्या येण्याची वेळ कळवून झाली असेल तर मला सांग, आपण त्याच्या दोन तास आधी निघू.

तुझा
काका