‘पटलंच पाहिजे’मधला ‘च’

गेल्या काही वर्षांत समुपदेशनाच्या कामात एक तक्रार मी इतक्या वेळा ऐकली आहे, की माणसं समोर येऊन बसली की त्यांच्या बसण्यावरूनच ती ओळखू येते. बायको खुर्चीच्या कडेवर. नवरा मागे रेलून, फोन मांडीवर पालथा. “मॅडम, ह्यांना काहीतरी सांगा. दिवसरात्र ग्रुपवर भांडत असतात.” कधी बायकोच्या जागी मुलगा असतो, कधी नवऱ्याच्या जागी इंजिनीअरिंगला असलेली लेक. विषय बदलतात. लस, फाइव्ह-जीचे टॉवर, ईव्हीएम, एआयमुळे नोकऱ्या जाणार की नाही. पण आमच्या रत्नागिरी-राजापूरच्या पट्ट्यात गाडी फिरून फिरून प्रकल्पांवर येते.

त्याला कारण आहे. गुहागरला दाभोळचा वीजप्रकल्प आला, बंद पडला, पुन्हा उभा राहिला, ते सगळं इथल्या दोन पिढ्यांनी दारातून पाहिलं. मग जैतापूर. माडबनच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, १६५० मेगावॉटच्या ६ अणुभट्ट्यांचा तेव्हाचा बेत, एकूण ९९०० मेगावॉट. डिसेंबर २०१० मध्ये फ्रेंच कंपनीशी करार झाला, पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा घडलं, आणि एप्रिल २०११ मध्ये साखरीनाट्याला पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा जीव गेला. पुढे नाणारची रिफायनरी, २०१९ मध्ये ती रद्द, नंतर तिच्यासाठी सुचवलेला बारसूचा सडा आणि तिथली कातळशिल्पं. इथल्या माणसाला ऊर्जा-धोरण हा पेपरातला विषय वाटत नाही. एकाच घरात एक भाऊ समर्थक असतो, दुसरा विरोधक, आणि दोघांना गणपतीत एकाच आरतीला उभं राहायचं असतं.

घरच्यांचा सल्ला ठरलेला असतो: ग्रुप सोडा, फोन ठेवा. मी तो सल्ला देत नाही. ग्रुप सोडलेली माणसंही मी पाहिली आहेत. वाद फोनमधून निघतो आणि डोक्यात जाऊन बसतो. मग आंघोळ करताना ती माणसं मोठ्याने उत्तरं देत असतात.

ज्यांची गोष्ट सांगते आहे त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना सगळा गाव ‘सर’ म्हणतो, मीही तेच म्हणेन. ३१ वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. पेटी उत्तम वाजवतात. पहिल्या दिवशी काकूच बोलल्या. “रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागतात. बीपीची गोळी वाढली. आणि मॅडम, शिमग्यापासून पेटीला हात लावलेला नाही.”

सर पहिल्यांदा बोलले ते तेव्हा. “पेटीचा आणि याचा काही संबंध नाही.”

मी वहीत ‘पेटी’ एवढाच शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. ज्या गोष्टीचा संबंध नाही असं माणूस न विचारता सांगतो, तिचा संबंध असतो. इतक्या वर्षांच्या कामाने एवढं कळायला लागलं आहे.

दुसऱ्या भेटीला ते एकटे आले. मी त्यांना रात्रीचा एखादा मेसेज मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांनी १ वाजून ४२ मिनिटांचा काढला. “ज्यांना मिलिसिव्हर्ट म्हणजे काय हे माहीत नाही, त्यांनी अणुऊर्जेवर बोलू नये. निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एक्स-रेला ०.१ च्या आसपास. प्रकल्पाजवळ राहणाऱ्यांसाठी वर्षाची मर्यादा १ आहे...” पुढे अजून बरंच होतं.

“यात चूक काय आहे सांगा,” सर म्हणाले.

“आकड्यांत काहीच नाही. हा मेसेज कुणासाठी लिहिला होता?”

“सगळ्यांसाठी.”

“रात्री पावणेदोनला सगळे जागे होते?”

ते हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “एका माणसासाठी.” तो माणूस म्हणजे त्यांचा बालमित्र. होडीवाला. भजनात सरांची पेटी आणि त्याचा पखवाज, अशी चाळीसएक वर्षांची जोडी. त्या मेसेजनंतर सकाळी त्याने ग्रुप सोडला. भजनाला येणंही सोडलं. सरांनी हे सांगताना ‘पळाला’ असा शब्द वापरला, आणि तो उच्चारताना त्यांची नजर खिडकीबाहेर होती.

“सर, त्याने काय करायला हवं होतं?”

“मान्य करायला हवं होतं. मी पुराव्यानिशी सांगतोय. माणसाला पटलंच पाहिजे.”

मी ज्या पद्धतीने काम करते ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत. त्यांनी ती १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये मांडली आणि मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सार माझ्यापुरतं एवढं, की माणूस घटनेपेक्षा त्या घटनेबद्दलच्या आपल्या हट्टाने जास्त पोळतो. इंग्रजीत शिकताना मला हे कळलं होतं. पण ते दिसलं मराठीत काम करायला लागल्यावर, कारण आपल्या भाषेत त्या हट्टाला स्वतंत्र अक्षर आहे. ‘पटलं पाहिजे’ ही इच्छा झाली. ‘पटलंच पाहिजे’ हा हुकूम झाला. मी समोरच्याच्या बोलण्यात तो ‘च’ ऐकत असते, आणि सांगायला अभिमान वाटतो की तो मला बहुतेक पहिल्या दोन भेटींत सापडतो.

मी सरांना ते वाक्य कागदावर लिहून दाखवलं आणि ‘च’भोवती गोल केला. सर कसलेले शिक्षक. लगेच म्हणाले, “सत्याला ‘च’ असतोच. पाणी समुद्रसपाटीला शंभर अंशांनाच उकळतं.”

“पाण्याला हुकूम लागत नाही, सर. तो तुमच्या मित्राला लागतोय.”

त्यांना मुद्दा कळला, पण तो आत उतरला नव्हता. बुद्धिमान माणसांचं असं होतं. ती तुमचा सिद्धांत समजून घेतात, त्याला शंभरपैकी सत्तर मार्क देतात आणि घरी जाऊन पुन्हा रात्री दोनपर्यंत टाइप करतात. पुढच्या दोन भेटी तशाच गेल्या. एकदा मुंबईच्या एका माजी विद्यार्थ्याने ‘सर, तुमचा सिलॅबस जुना झाला’ असं लिहिलं होतं, त्यावर पाऊण तास गेला. ते दुखणं खरं होतं, आणि मी ते ऐकून घेतलं. निवृत्तीनंतर आपलं ज्ञान कुणाला लागतं, हा प्रश्न अशा बहुतेक वादांच्या तळाशी सापडतो.

पाचव्या भेटीत मी ठरवून काही केलं नाही. अणुवीज नेमकी कशी तयार होते हे मला खरोखर माहीत नव्हतं. म्हटलं, “सर, मला शिकवा.” त्यांनी खुर्ची पुढे ओढली. माझ्या टेबलावरचा पाठकोरा कागद घेतला, खिशातलं पेन काढलं, आणि तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर दहा वर्षांनी तरुण झाला. पहिली चौकट अणुभट्टीची. आत इंधनाच्या कांड्या. उष्णता. त्या उष्णतेने वाफ, वाफेने फिरणारं टर्बाइन, टर्बाइनने फिरणारं जनित्र. वाफ पुन्हा थंड करून पाणी करायची, म्हणून कंडेन्सर. कंडेन्सरमध्ये समुद्राचं पाणी एका बाजूने आत. दुसऱ्या बाजूने त्यांनी एक बाण बाहेर काढला आणि पेन उचललं.

“हा बाण कुठे गेला?”

“समुद्रात.”

“गरम?”

“आत घेतलं त्यापेक्षा काही अंश जास्त. कोळशाच्या केंद्रातही कंडेन्सर असतोच, हे काही अणूचं वेगळेपण नाही.”

“पण किती उष्णता जाते?”

त्यांनी कागदाच्या कडेला हिशेब मांडला. एका भट्टीची उष्णता साधारण ४५०० मेगावॉट, वीज १६५०. उरले २८५०. गुणिले ६. सतरा हजार शंभर असं लिहून त्यांनी त्याखाली सवयीने दोन रेघा ओढल्या. मग त्या आकड्याकडे बघत राहिले. विजेपेक्षा मोठा आकडा समुद्राच्या बाजूला होता. अर्थात तो त्यांना नवा नव्हता, वर्गात त्यांनी तो अनेकदा काढला असणार.

मी म्हटलं, “सर, त्या वादातला तुमच्या मित्राचा अगदी पहिला मेसेज काढा.”

बोट बराच वेळ वर सरकत होतं. फॉरवर्ड, गुड मॉर्निंग, कुणाच्या बाराव्याची पत्रिका, पुन्हा वाद. शेवटी थांबलं. मी वाचायला सांगितलं नव्हतं, त्यांनीच वाचलं.

“मास्तर, गरम पाणी सोडल्यावर खाडीच्या तोंडाक मासळी रवात काय?”

त्याखाली सरांची अकरा उत्तरं होती. सगळी किरणोत्सर्गावर.

खोलीत पंख्याचा तेवढा आवाज होता. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला आणि तो मेसेज परत वाचला. मग म्हणाले, “प्रश्न दोनदा वाचा, हे मी एकतीस वर्षं पोरांना सांगितलं.”

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला, आणि दारात वळून म्हणाले, “तो ‘च’ माझा होता. त्याने फक्त विचारलं होतं.”

त्या दिवशी जे मला उमगलं ते मी आता अशा प्रत्येक घरात वापरते. विज्ञान आणि धोरण यांच्या वादात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात. एक मोजता येणारा: किती मिलिसिव्हर्ट, किती अंश, किती नोकऱ्या. दुसरा असतो विश्वासाचा आणि पोटाचा: माझ्या कलमांचं काय, माझ्या होडीचं काय, उद्या चूक निघाली तर माझ्या दारात कोण येणार? दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर दिलं की समोरच्याला ते उत्तर न वाटता अपमान वाटतो. इथे तर आणखी पुढची गोष्ट होती. मित्राचा प्रश्न चक्क मोजता येणारा होता, सरांच्या स्वतःच्या विषयातला होता, तरी तो दिसला नाही. कारण तो बोलीत होता, आणि होडीवाल्याने विचारला होता. हे वाक्य सरांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही.

‘का’ आणि ‘कसं’ यांतला फरकही तिथेच पक्का झाला. ‘तुम्ही समर्थन का करता?’ असं विचारलं की माणूस वकील होतो. ‘हे चालतं कसं?’ विचारलं की त्याला पायरी पायरीने जावं लागतं, आणि कुठल्यातरी पायरीवर त्याचं त्यालाच काही दिसतं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना कुलूप, कपड्याची चेन, शौचालयाचा फ्लश कसा चालतो ते सविस्तर लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लोकांनी आपल्या समजुतीला आधीपेक्षा कमी गुण दिले. साधा फ्लश असा, तर धोरणाचं काय सांगावं! मात्र ‘कसं’ हा प्रश्न सापळा म्हणून विचारू नका. मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून सर शिकवायला बसले. उलटतपासणी वाटली असती तर पेन खिशातून निघालंच नसतं.

घरच्यांना माझं सांगणं: ‘सोडा हो तो फोन’ म्हणू नका. त्या माणसाला ते ‘तुमच्या मताला किंमत नाही’ असंच ऐकू येतं, आणि नेमक्या त्याच जखमेपायी तो फोनला चिकटलेला असतो. त्याऐवजी एखाद्या संध्याकाळी चहा घेऊन शेजारी बसा आणि म्हणा, मला समजावून सांगा. काकूंनी हे करून पाहिलं. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर त्यांना टर्बाइन कळलं, आणि सरांना त्या रात्री ग्रुप उघडायची फारशी गरज वाटली नाही.

जो वाद घालतो त्याला सांगते: रात्री जेवणानंतर उत्तर लिहू नका, सकाळपर्यंत तो मुद्दा कुठे पळत नाही. उत्तरापूर्वी समोरच्याचा प्रश्न आपल्या शब्दांत लिहून त्यालाच विचारा, ‘तुला हेच विचारायचंय ना?’ दोनदा देवाणघेवाण होऊनही गाठ सुटत नसेल तर फोन लावा, आणि गावातलाच माणूस असेल तर चालत जा. दोनशे माणसांसमोर चूक कबूल करणं कुणालाही जड जातं. पडवीत, सुपारी कातरताना, ते जमतं.

झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल, धमक्यांपर्यंत गोष्ट गेली असेल, किंवा माणूस सगळ्यांतूनच मन काढून घेत असेल, तर मात्र हे घरगुती उपाय पुरे पडणार नाहीत. डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या नंबरवर आहे, मराठीतही बोलता येतं.

सर मित्राकडे गेले ते लगेच नाही, तीन आठवड्यांनी. माफी मागायला शब्द जमेनात, म्हणून त्यांनी तो घडी केलेला कागद पुढे केला आणि बाणावर बोट ठेवलं. “तू विचारलेलं बरोबर होतं. पाणी किती तापेल आणि कुठवर पसरेल, हे नुसतं पुस्तकातून सांगता येणार नाही. आधी आत्ता पाण्याचं तापमान किती आहे ते तरी आपल्याकडे असू दे.” दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर घेऊन जेटीवर गेले.

शेवटच्या भेटीला सरांनी जेटीवरच्या नोंदींची वही मला दाखवायला आणली होती. सर आजही समर्थक आहेत, मित्र आजही विरोधक. ग्रुपवर दोघंही आहेत. पहिल्या पानावर सरांच्या वळणदार अक्षरात दोन रकाने होते, तारीख आणि तापमान. तिसरा रकाना नंतर, पट्टी न लावता, वेगळ्या पेनाने ओढलेला होता आणि त्यावर ‘भरती / ओहोटी’ असं लिहिलं होतं.

“हा त्याने घालायला लावला,” सर म्हणाले. “म्हणाला, मास्तर, ता लिवल्याशिवाय तुमच्या आकड्याक अर्थ नाय. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.”