पात्रता फेरीत हरलेली खेळाडू त्याच स्पर्धेची विजेती कशी काय होऊ शकते?

आपला प्रश्न असा आहे की, २०१९ साली ऑस्ट्रियातील लिंझ येथील महिलांच्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेत अमेरिकेची कोको गॉफ पात्रता फेरीत हरली असतानाही तिला मुख्य फेरीत प्रवेश कसा मिळाला, आणि असे मिळालेले एकेरीचे विजेतेपद खऱ्या अर्थाने कमावलेले मानावे का. मी महिला टेनिस बऱ्याच वर्षांपासून बारकाईने पाहतो आणि माझे उत्तर स्पष्ट आहे: ते विजेतेपद पूर्णपणे कमावलेले होते. तसे का, हे समजण्यासाठी मुख्य फेरीच्या जागा कशा भरल्या जातात हे आधी पाहावे लागेल.

त्या वर्षी लिंझच्या मुख्य फेरीत ३२ जागा होत्या. अशा स्पर्धांतील बहुतेक जागा जागतिक क्रमवारीनुसार, स्पर्धेच्या कित्येक आठवडे आधी पाठवलेल्या प्रवेशिकांवरून भरल्या जातात. काही जागा आयोजक आपल्या पसंतीने वाइल्ड कार्ड म्हणून देतात आणि उरलेल्या जागा पात्रता फेरीतून, म्हणजे मुख्य स्पर्धेआधीच्या निवड सामन्यांतून, येणाऱ्या खेळाडूंसाठी राखलेल्या असतात. पात्रता फेरी सुरू होण्यापूर्वी कोणी माघार घेतली, तर प्रवेशिकांच्या यादीतील पुढची खेळाडू वर सरकते. मात्र एकदा पात्रता फेरीचे सामने सुरू झाले की ती यादी बाजूला पडते आणि त्यानंतर रिकामी झालेली जागा पात्रतेच्या शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी एकीला मिळते. तिलाच टेनिसमध्ये लकी लूजर म्हणतात.

ही सवलत हरणाऱ्या खेळाडूवर दया म्हणून दिलेली नाही, हे लक्षात घ्यायला हवे. जागा रिकामी सोडली असती तर समोरच्या खेळाडूला न खेळताच पुढे चाल मिळाली असती, प्रेक्षकांचा एक सामना बुडाला असता आणि सोडतीच्या, म्हणजे कोण कोणाशी खेळणार हे ठरवणाऱ्या तक्त्याच्या, त्या भागातील इतर खेळाडूंच्या तुलनेत एकीची वाट विनाकारण सोपी झाली असती. जवळच उपलब्ध असलेल्या, त्याच कोर्टवर नुकत्याच खेळलेल्या आणि पात्रतेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूला बोलावणे हा यावरचा सर्वांत न्याय्य उपाय आहे, असे मला वाटते.

आता यात एक धोका आहे आणि नियम करणाऱ्यांनी तो ओळखलेला आहे. जागा रिकामी होणार हे आधीच कळले आणि ती क्रमवारीत सर्वांत वर असलेल्या पराभूत खेळाडूलाच मिळणार हे निश्चित असले, तर त्या खेळाडूला पात्रतेचा शेवटचा सामना जिवाच्या आकांताने खेळण्याचे कारणच उरणार नाही. म्हणून ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातील चार सर्वांत मोठ्या, स्पर्धांत शेवटच्या फेरीत हरलेल्यांपैकी वरच्या क्रमांकाच्या काही जणींची नावे चिठ्ठीत टाकून त्यांचा क्रम ठरवला जातो. हरले तरी जागा आपलीच, असा भरवसा त्यामुळे कोणालाच राहत नाही.

लकी लूजर होण्यासाठी प्रत्यक्षात काय करावे लागते, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा दिसत नाही. हरल्यानंतर त्या खेळाडूला गाव सोडून जाता येत नाही. पहिल्या फेरीचे सामने चालू असेपर्यंत तिने रोज सकाळी, दिवसाचा पहिला सामना सुरू होण्यापूर्वी, ठरलेल्या वेळेत पंचांच्या कार्यालयात जाऊन यादीवर सही करायची असते. सही चुकली की त्या दिवसापुरता हक्क गेला. सही केल्यावर खेळण्याचे कपडे घालून, रॅकेट तयार ठेवून, अंग मोकळे करून वाट पाहायची, कारण एखाद्या खेळाडूने सरावात दुखापत झाल्याचे कळवले की काही मिनिटांत कोर्टवर उतरावे लागते. प्रतिस्पर्धी कोण असेल हे आदल्या रात्री माहीत नसते. बहुतेक जणींचा तो दिवस बोलावणे न येताच संपतो. हे ज्याने एकदा जवळून पाहिले, तो या प्रवेशाला केवळ नशिबाचा भाग म्हणणार नाही.

लिंझमध्ये घडले ते असे. गॉफ तेव्हा १५ वर्षांची होती आणि जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरांच्या बाहेर होती. त्याच वर्षी विम्बल्डनमध्ये तिने पात्रता फेरीतून येऊन व्हीनस विल्यम्सला हरवले होते आणि चौथ्या फेरीपर्यंत मजल मारली होती, त्यामुळे तिचे नाव सर्वांना ठाऊक होते. पण वयाच्या नियमामुळे त्या वर्षात तिला मोजक्याच व्यावसायिक स्पर्धा खेळता येत होत्या आणि म्हणून प्रत्येक स्पर्धा मोलाची होती. पात्रतेच्या शेवटच्या फेरीत तिला जर्मनीच्या तमारा कोर्पाचने हरवले. त्यानंतर ग्रीसच्या मारिया सक्कारीने माघार घेतली आणि ती जागा गॉफला मिळाली. येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे: कोर्पाच विजयामुळे आधीच मुख्य फेरीत होती. गॉफच्या प्रवेशामुळे तिचे किंवा इतर कोणाचेही काही हिरावले गेले नाही.

पुढे गॉफला विजेतेपदासाठी पाच फेऱ्या पार कराव्या लागल्या, म्हणजे इतर कोणत्याही विजेतीला कराव्या लागल्या असत्या तितक्याच. उपांत्यपूर्व फेरीत तिच्यासमोर अव्वल मानांकित, म्हणजे क्रमवारीनुसार त्या स्पर्धेत पहिले स्थान दिलेली, किकी बर्टन्स होती आणि जगातील पहिल्या दहांतील खेळाडूवर गॉफने मिळवलेला तो पहिला विजय ठरला. उपांत्य फेरीत तिने आंद्रेया पेटकोविचला नमवले. अंतिम सामन्यात २०१७ ची फ्रेंच ओपन विजेती येलेना ओस्टापेन्को होती. गॉफने ६-३, १-६, ६-२ असा विजय मिळवला. मला त्यातला दुसरा सेट महत्त्वाचा वाटतो. ओस्टापेन्कोचे फटके लागू लागले की समोरच्या खेळाडूच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि १-६ असा सेट गमावल्यानंतर पहिल्याच अंतिम सामन्यात पंधरा वर्षांच्या मुलीने पुन्हा उभे राहणे, याला सोडतीतील कोणतीही सोय कारणीभूत असू शकत नाही. २००४ मधील निकोल वैदिशोव्हानंतरची ती महिलांच्या व्यावसायिक स्पर्धांतील सर्वांत लहान वयाची एकेरी विजेती ठरली. तिने पुढे २०२३ मध्ये अमेरिकन ओपन आणि २०२५ मध्ये फ्रेंच ओपन जिंकली, हे आपण जाणताच. पण लिंझचे विजेतेपद खरे ठरवण्यासाठी त्या यशाचा आधार घेण्याची गरज नाही.

असे याआधीही घडले होते, जरी क्वचितच. १९८० मध्ये लास वेगास येथे अँड्रिया येगरने आणि जुलै २०१८ मध्ये मॉस्को येथे सर्बियाच्या ओल्गा डॅनिलोविचने लकी लूजर म्हणून विजेतेपद मिळवले. डॅनिलोविचनेही वाटेत पहिल्या दहांतील युलिया गोर्गेसला हरवले आणि अंतिम फेरीत आपल्याच वयाच्या अनास्तासिया पोटापोव्हाचा पराभव केला. २०२१ मध्ये अमेरिकन ओपन जिंकणाऱ्या एम्मा राडुकानूचे नाव काही जण या यादीत घालतात, ते बरोबर नाही. ती पात्रता फेरीचे तिन्ही सामने जिंकून आली होती आणि एकूण दहा सामन्यांत तिने एकही सेट गमावला नाही. लकी लूजरने ग्रँड स्लॅमचे एकेरी विजेतेपद अद्याप जिंकलेले नाही.

ग्रँड स्लॅममध्ये २०१८ पासून आलेला एक नियमही येथे सांगण्यासारखा आहे. पूर्वी दुखापतग्रस्त खेळाडू पहिल्या फेरीच्या बक्षिसाची रक्कम बुडू नये म्हणून कोर्टवर उतरत आणि काही गेमनंतर सामना सोडून देत. आता ऐन वेळी, स्पर्धेच्या ठिकाणी येऊन माघार घेणाऱ्या खेळाडूला पहिल्या फेरीची अर्धी रक्कम मिळते, उरलेली अर्धी तिच्या जागी येणाऱ्या लकी लूजरला मिळते आणि पुढे जिंकल्यास त्या फेऱ्यांचे पैसेही तिचेच असतात. यामुळे तंदुरुस्त खेळाडूला संधी मिळते.

आपल्या शंकेत मला तथ्य दिसते ते एकाच ठिकाणी. काही मोठ्या स्पर्धांत मानांकित खेळाडूंना पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढे चाल, मिळते. अशा खेळाडूने सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाल्यानंतर माघार घेतली, तर तिच्या जागी येणारी लकी लूजर न खेळताच दुसऱ्या फेरीत पोहोचते, आणि जिने पात्रतेत विजय मिळवला तिला मात्र पहिली फेरी खेळावीच लागते. लिंझमध्ये कोणालाच बाय नव्हती, त्यामुळे गॉफला असा लाभ झाला नाही. तरीही जेथे तो होतो, तेथे बायची जागा पात्रता जिंकलेल्यांपैकी एकीला चिठ्ठीने द्यावी आणि लकी लूजरला तिची मोकळी झालेली जागा द्यावी, असे माझे मत आहे. अडचण एवढीच की माघार कळेपर्यंत पात्रता जिंकलेल्या काही जणींचे पहिले सामने होऊन गेलेले असू शकतात. तेव्हा ही अदलाबदल फक्त पहिल्या फेरीचा पहिला चेंडू पडण्यापूर्वीच करता येईल.