आईसोबत ठाण्यात घरून साबण, कोरफड जेल, उटणं असा नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय सुरू करतेय. लायसन्स लागतं का, भांडवल किती लागेल आणि घरच्या माणसासोबत धंदा करावा का?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही एक ओळ लिहिली आहे : ‘आम्ही दोघीच आहोत, त्यामुळे तपासणी वगैरेची कटकट नाही.’ लायसन्स आणि भांडवलाचं पुढे सांगतो. आधी या ओळीबद्दल बोलू द्या, कारण याच समजुतीपायी आमच्या घरात बारा दिवस बाप-लेक एकमेकांशी बोलत नव्हते.

मी ऐरोलीत राहतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका साबणाच्या कारखान्यात ३१ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो, २०१७ मध्ये निवृत्त झालो. मुलगी तेव्हा ठाण्यात जाहिरातीच्या क्षेत्रात नोकरीला. तिला स्वतःचं काहीतरी करायचं होतं आणि मला सकाळी आठ वाजता कुठे जायचं हा प्रश्न पडायचा. उटण्यापासून सुरुवात केली. सौ.च्या माहेरचं उटणं : वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, अनंतमूळ, गुलाबपाकळी आणि थोडी मुलतानी माती. जांभळी नाक्यावरून काष्ठौषधी आणायच्या, गच्चीवर कडक वाळवायच्या, मिक्सरवर दळून वस्त्रगाळ करायच्या. पहिल्या दिवाळीला सोसायटीतच सगळं संपलं. उटणं कोरडं असतं, ते सहसा दगा देत नाही. आम्हाला वाटलं, आपल्याला हे जमतंय.

२०१८ च्या दिवाळीला नौपाड्यात एका प्रदर्शनात टेबल घेतलं आणि मुलीने कोरफडीचं जेल करायचं ठरवलं. शंभर ग्रॅमच्या ६० डब्या. कोरफडीचं काम तिने मनापासून शिकून घेतलं होतं. पानं बुडाशी कापून तासभर उभी ठेवायची, पिवळा चीक पूर्ण गळू द्यायचा, कारण तो राहिला तर कातडीला खाज सुटते. मग साल तासून गर धुवायचा, फिरवायचा, गाळायचा. यात तिची चूक काढायला जागा नव्हती. पण त्या गरात ९८ टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि थोडी साखरही असते. जंतूंना याहून चांगलं जेवण कोणतं? मी तिला कागदावर प्रमाण लिहून दिलं. शंभर ग्रॅमला अर्ध्या ग्रॅमच्या आत सोडियम बेंझोएट (जंतू वाढू न देणारं प्रिझर्व्हेटिव्ह), आणि सायट्रिक अ‍ॅसिडने पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) साडेचारपर्यंत खाली. पाचाच्या वर बेंझोएट जवळजवळ कामच करत नाही, म्हणून पट्टी लावून बघायची. वाशीहून पट्ट्याही आणून दिल्या.

तिने लेबल आधीच छापून घेतलं होतं : ‘शून्य केमिकल. शून्य प्रिझर्व्हेटिव्ह.’

‘‘बाबा, लोक हेच वाचून घेतात. बेंझोएट लिहिलं तर हात कोण लावेल?’’

मी म्हटलं, बाटलीतल्या सरबतात हेच बेंझोएट असतं, लोक ते पितात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ. म्हणाली, ‘‘अहो, पोरीने मन लावून केलंय. तिच्यावर कसली तपासणी करताय? हा काय कारखाना आहे?’’

विषय तिथेच राहिला. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री पाणी प्यायला उठलो तर ओट्यावर, मिक्सरच्या मागे, बेंझोएटची पुडी दिसली. मी आणली तशीच, वरची स्टेपलची पिनसुद्धा न काढलेली. बाजूला साठ डब्या झाकणं लावून तयार. मला तिथेच सगळं कळलं. कारखान्यात असतो तर लाल चिठ्ठी लावून अख्खा माल बाजूला काढला असता, समोर प्रॉडक्शन मॅनेजर असो नाहीतर मालक. तसे दोनदा काढलेही होते आणि शिव्या खाल्ल्या होत्या. घरात मात्र मी ती पुडी उचलून फडताळात ठेवली आणि जाऊन झोपलो. पोरीने चार रात्री जागून लेबलं चिकटवली होती, घरात सणाचं वातावरण होतं, कोणाला दुखवायचं नव्हतं.

४३ डब्या विकल्या गेल्या. बाहेर ऑक्टोबरची काहिली. नवव्या दिवशी पाचपाखाडीहून एका बाईंचा फोन आला. मुलगी ऑफिसला होती, म्हणून मी गेलो. बाईंनी डबी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘तुम्हीच उघडा.’’ झाकण वर फुगलेलं. फिरवलं तशी फुस्स करून हवा निघाली, पाठोपाठ शिळ्या ताकाचा वास. झाकण उलटं केलं तर आतून राखाडी-काळे ठिपके, मिऱ्याएवढे, कडेला दाट. त्यांच्या सुनेने ते दोन दिवस डोळ्यांखाली लावलं होतं. ती आतून बाहेर आली तेव्हा डावा डोळा अर्धा मिटलेला होता. मी हात जोडले, डॉक्टरची फी पुढे केली. त्यांनी घेतली नाही. ‘‘दुकानातलं केमिकलचं नको म्हणून तुमच्याकडून घेतलं,’’ एवढंच म्हणाल्या. एकतीस वर्षांत मालाबद्दल मला असं वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं.

मुलीचा एक चांगुलपणा कामी आला. लकी ड्रॉसाठी तिने ३६ गिऱ्हाइकांचे नंबर वहीत लिहून घेतले होते. तीन संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून सगळ्यांना फोन केले. २९ डब्या परत आल्या, सात जणांनी आधीच फेकल्या होत्या. ज्या सात डब्यांचे नंबरच नव्हते त्या कोणाच्या घरी गेल्या, हा विचार अजून रात्री येतो.

शेवटचा फोन ठेवल्यावर मी तिला आईसमोर बोललो, आणि फार बोललो. तिने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘पुडी बघितली होतीत ना तुम्ही? मग तेव्हा का नाही बोललात?’’ मला उत्तर देता आलं नाही. नंतर बारा दिवस आम्ही एकाच घरात जेवत होतो आणि सौ. मधल्यामध्ये निरोप देत होती.

आता माझं मत स्पष्ट सांगतो. घरच्या माणसासोबत धंदा जरूर करावा. पण आई-मुलगी असो की बाप-मुलगी, माल थांबवायचा अधिकार कोणाचा हे पहिल्या दिवशी ठरलेलं असलं पाहिजे, आणि बनवणाऱ्याने स्वतःचा माल स्वतः पास करायचा नाही. आमच्याकडे तेव्हापासून दोनशे पानी वही आहे. बॅच नंबर, तारीख, प्रत्येक जिन्नसाचं वजन, पीएच, वास, रंग, करणाऱ्याची सही आणि तपासणाऱ्याची सही. प्रत्येक बॅचमधली एक डबी कपाटात ठेवायची आणि दर आठवड्याला उघडून बघायची. दोघांपैकी एकानेही ‘थांब’ म्हटलं की माल थांबला. त्या दिवशी त्यावर वाद घालायचा नाही.

सौ.ला हे अजूनही मान्य नाही. तिच्या मते घरच्यांत सह्या घेणं म्हणजे अविश्वास. ती विकोचं उदाहरण देते : केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये परळच्या घरातल्या स्वयंपाकघरातूनच सुरुवात केली, मुलांनी दारोदार फिरून विकलं, आणि आज आपल्याच जिल्ह्यात डोंबिवलीला त्यांचा कारखाना आहे. सगळं खरं आहे. पण त्यांचा मुलगा गजानन फार्मसी शिकलेला होता, हे ती सोडून देते. त्यांची उत्पादनं सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध हा अबकारी खात्याशी झालेला वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. म्हणजे घरातून सुरू झालेल्या मालालाही कोणीतरी कधीतरी विचारणारच, तू नेमका कोण आहेस म्हणून. त्या वेळी कागदच दाखवावे लागतात. आणि विश्वासाचं म्हणाल तर माझा मुलीवर पूर्ण विश्वास होता. जंतूंना त्याचं काय?

गेल्या पावसाळ्यात तिने माझं उटणं थांबवलं. चार किलो. हाताला किंचित दमट लागत होतं, वासात वाळ्याच्या मागे कुबट असं काहीतरी होतं. मला ते जाणवत नव्हतं आणि अर्धा दिवस मी घुश्शात होतो. पण वहीत तिची सही नव्हती, म्हणून माल गेला नाही.

लायसन्सचं विचारलंत. लागतं. विकायला बनवणार असाल तर लागतंच, मग चार डब्या असोत नाहीतर चारशे. अंगाचा साबणही सौंदर्यप्रसाधनातच मोडतो. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत, महाराष्ट्रात एफडीए, म्हणजे अन्न व औषध प्रशासन, लायसन्स देतं. स्वतः उत्पादन करायचं तर सीओएस-५ या फॉर्ममध्ये अर्ज, सीओएस-८ या फॉर्ममध्ये लायसन्स. अडचण अशी की जागा राहती नको आणि राहत्या घराला आतून जोडलेलीही नको, शिवाय फार्मसीचा डिप्लोमा किंवा तत्सम पात्रतेचा माणूस लागतो. म्हणजे वन बीएचकेच्या ओट्यावर हे बसत नाही. आम्ही पहिल्यांदा बिनलायसन्सचं विकलं. मला नियम माहीत होते, तरी ‘प्रदर्शनात तेवढंच तर आहे’ म्हणून डोळेझाक केली. ती चूक होती आणि तुम्ही ती करू नये म्हणून लिहितोय.

मार्ग दोन. लायसन्स असलेल्या कारखान्यात लोन लायसन्सवर (अर्ज सीओएस-६, लायसन्स सीओएस-९) स्वतःचा माल बनवायचा, किंवा त्यांच्याकडूनच तुमच्या नावाने बनवून घ्यायचा आणि लेबलवर उत्पादक म्हणून त्यांचं नाव-पत्ता द्यायचा. वागळे इस्टेट, रबाळे, महापे इकडे चौकशी करा. आम्ही २०२१ पासून रबाळ्याच्या एका युनिटमध्ये जातो. तिथली माल तपासणारी बाई माझ्यापेक्षा कडक आहे, मला बरं वाटतं. लेबलवर बॅच नंबर, घटकांची यादी, वापरण्याची मुदत, एमआरपी हे सगळं आलंच. ‘मुरुम जातात’, ‘केस उगवतात’ असलं काही लिहू नका. बरं करण्याचा दावा केला की ते औषध होतं आणि वेगळं लायसन्स लागतं.

भांडवलाचं नक्की आकड्यात सांगणं अवघड, कारण तुम्ही किती माल करणार हे लिहिलेलं नाही. आमचे पहिल्या वर्षी ३५ हजारांच्या आसपास गेले, त्यातले निम्मे डब्या आणि लेबलांत. ०.१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा पहिल्यांदा घ्या, बाकी सगळं नंतर. कारखान्याकडे गेलात की ते किमान बॅच मागतात, खरा पैसा तिथे अडकतो. म्हणून तीन वस्तूंऐवजी एकीनेच सुरुवात करा. गुलाबजल आणि जेल पहिल्या वर्षी नकोच.

हे सगळं वाचून मी नैसर्गिक वस्तूंच्या विरोधात आहे असं वाटेल. तसं नाही. उटणं, केसांचं तेल, लिप बाम यांत पाणी नसतं, त्यांना प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही, तिथे ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ असं खुशाल लिहा. फक्त ओला हात आणि ओला चमचा लांब ठेवा. साबण कॉस्टिक सोड्यापासून करणार असाल तर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं वापरू नका, आणि कॉस्टिक पाण्यात टाका, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका. मुलीचीही एक बाजू सांगायलाच हवी : लोक लेबल वाचून घेतात हे तिचं म्हणणं खरं होतं. आता ती लेबलवर बेंझोएट का घातलंय हे एका ओळीत मराठीत लिहिते आणि जेल विकलं जातं.

आणि तुमच्या आई उटणं मुठीच्या अंदाजाने करत असतील, तर त्यांना शिकवायला जाऊ नका. त्यांची मूठ तोला, तीन वेगवेगळ्या दिवशी. सौ.ची नागरमोथ्याची मूठ मी अशीच तोलली होती. पहिल्यांदा २२ ग्रॅम, मग ३१, मग २७. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘झालं का समाधान?’’ आम्ही २७ धरलं. वहीत त्या रकान्यापुढे तिची सही आहे.