जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसमधल्या बोल्टांना लॉक वायर कशी बांधायची? बांधकामाची तार चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात जुनी सीजे-३बी जीप दुरुस्त करून पुन्हा उभी करताय. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) उघडल्यावर शिफ्ट फोर्कच्या (गिअर सरकवणाऱ्या काट्याच्या) स्क्रूंना आणि काही बोल्टांच्या डोक्यांना भोकं दिसली, त्यांत गंजकी तार होती. गॅरेजवाला म्हणतो, "स्लॅबची तार घाला, नाहीतर लॉक्टाइट (आट्यांना लावायचा गोंद) लावून सोडून द्या."

स्लॅबची काळी तार घालू नका. ती मऊ लोखंडाची असते, ताकद कमी, बाहेर लावली तर गंजते. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार तर त्याहून कच्ची. तिसरी चूक शहाणी माणसं करतात: मिग वेल्डिंगची ०.८ एमएमची तार. जाडी बरोबर, पण ती कडक ओढलेली असते. नीट पिळली जात नाही आणि पिळाच्या मुळाशी तडकते.

हवी ती ३०४ स्टेनलेसची, भाजून मऊ केलेली तार, जाडी ०.८ एमएम. हार्डवेअरच्या दुकानात २१ गेज मागा. बारीक स्क्रूंना ०.५ एमएम, म्हणजे २५ गेज. दुकानातच पारख करा: तार बोटाभोवती गुंडाळून सोडा. गुंडाळी तशीच राहिली तर ती मऊ, स्प्रिंगसारखी उसळून उघडली तर परत द्या.

लॉक वायर बोल्ट घट्ट करत नाही. घट्टपणा पान्यातून येतो. बोल्ट सुटायच्या दिशेला फिरू लागला तर त्याला अडवणं एवढंच तारेचं काम. त्यामुळे आधी बोल्ट ठरल्या टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळायचा, तार नंतर. भोक सोयीच्या कोनात आलं नाही म्हणून बोल्ट अर्धा फेरा ढिला करायचा नाही आणि ओढूनताणून पुढेही न्यायचा नाही. डोक्यातलं दुसरं भोक वापरा, वॉशर बदला किंवा बोल्टांची अदलाबदल करा. मात्र नवा बोल्ट आणताना सांभाळा: या जीपचे आटे इंची आहेत. ५/१६ च्या बारीक आट्यांत ८ एमएमचा बोल्ट सुरुवातीला चढल्यासारखा वाटतो, मग केसचे आटे खातो.

आता दिशा. बहुतेक चुका इथेच होतात. दोन बोल्ट शेजारी शेजारी, समोरून बघताय, आटे नेहमीचे उजवे. तार डाव्या बोल्टच्या वरच्या अंगाने निघाली पाहिजे आणि उजव्या बोल्टच्या खालच्या अंगाला पोचली पाहिजे, म्हणजे मधून तिरकी उतरली पाहिजे. मग डावा सुटू लागला की तार उजव्याला आणखी आवळते, आणि उजवा सुटू लागला की डाव्याला. तार वरून वर सरळ नेली तर एक बोल्ट धरला जातो आणि दुसऱ्याला ती उलट सोडवायला मदत करते. खालून वर नेली तर दोन्ही गेले. गोंधळ झाला तर मनातल्या मनात बोल्ट उघडायच्या दिशेला फिरवा. तार ताणली जात असेल तरच बांधणी बरोबर. डाव्या आट्यांना सगळं उलटं.

बांधताना साधारण ३० सेंमीचा तुकडा घ्या. पहिल्या बोल्टच्या भोकातून तार अर्ध्यापर्यंत ओढा. एक टोक भोकातून बाहेर येतं, दुसरं डोक्याला वळसा घालून त्याच टोकाच्या खालून काढायचं. हा 'खालून' महत्त्वाचा, नाहीतर वेढा डोक्यावरून वर सरकून निसटतो. मग दोन्ही पदर एकत्र पिळायचे, सेंटिमीटरला साधारण तीन पीळ. दुसऱ्या भोकाच्या ३ एमएम अलीकडे पीळ थांबवा. एक पदर भोकातून, दुसरा डोक्याला वळसा घालून पुन्हा खालून. इथून पुढचे पीळ उलट्या दिशेचे, म्हणजे हाही वेढा खाली दबून राहतो. तीन ते पाच पीळ देऊन दहा-बारा एमएमची शेपटी ठेवा, कापा आणि टोक आत वळवा. ते उघडं राहिलं तर पुढच्या वेळी हात फाटतो.

जास्त पीळ म्हणजे जास्त मजबुती असं वाटतं, पण तार पिळली की कडक होते आणि अतिपिळाने भोकाच्या तोंडाशीच तुटते. पक्कडीच्या दातांची खूणही तशीच घातक. म्हणून तार टोकाकडेच धरायची, जे पुढे कापून जाणार तिथे. फिरकीची लॉक वायर पक्कड मिळाली तर उत्तम, पण चपट्या तोंडाच्या साध्या पक्कडीनेही काम होतं, वेळ लागतो इतकंच.

दूर दूरचे बोल्ट असतील तर एका तारेत तीनाहून जास्त ओवू नका. सहा असतील तर तीन-तीनचे दोन गट करा, म्हणजे एक तार तुटली तरी सगळे मोकळे होत नाहीत.

शिफ्ट फोर्कचा स्क्रू एकटा असतो, त्याला जोडीदार नाही. त्याचं टोक शाफ्टच्या खाचेत बसलंय ना ते बघून आवळा आणि तार फोर्कभोवतीच फिरवून बांधा. हा स्क्रू सुटला तर दांडी हलते, गिअर पडत नाही. वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) धावलेल्या जीपमध्ये तर सगळे फोर्क तपासाच. बांधून झाल्यावर झाकण लावायच्या आधी दोन्ही दांड्या सगळ्या जागी टाकून बघा आणि शाफ्ट हाताने फिरवा. शेपटी कशालाही घासता कामा नये.

बोल्टला भोक नसेल तर? मुळात तिथे लॉक टॅब (बोल्टच्या डोक्यावर वाकवायची पत्री) किंवा स्प्रिंग वॉशर होता, तोच घाला. कॅसल नटाला (वर खाचा असलेल्या नटाला) स्प्लिट पिनच. कनेक्टिंग रॉडच्या बोल्टला कधीच स्वतः भोक पाडू नका. बाहेरचं ऑइलचं बूच वगैरे ठीक. १.५ एमएमचा ड्रिल, डोक्याच्या एका पाकळीतून (सपाट बाजूतून) शेजारच्या पाकळीत कोपरा छेदून. आधी पंच मारा, सरळ एक एमएम जा, मग तिरका करा, नाहीतर ड्रिल घसरून मोडतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाची कामं करणारा टर्नर यासाठी जिग (ड्रिल नेमका धरणारा साचा) करून देईल. भोकाची दोन्ही तोंडं घासून गुळगुळीत करा, धारदार कडा तार कापते.

काढलेली तार सरळ करून पुन्हा वापरू नका. आणि कापताना टोकावर फडकं धरा, तुकडे मोजा. ३०४ ला चुंबक जवळजवळ लागत नाही, त्यामुळे केसमध्ये पडलेला तुकडा चुंबकाने काढता येईल या भरवशावर राहू नका.