बर्डीच्या टेकडीवरून आधी पाणी शोध

प्रिय मित्रा,

गच्चीवरून काढलेले फोटो मिळाले. छान आलेत, पण सगळ्यांत टॉवर आणि मेट्रोच दिसते. नागपूरवर मनापासून लिहायचं असेल तर १५ ऑगस्टला सीताबर्डीच्या किल्ल्यावर जा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, एरवी आत सोडत नाहीत. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी अशा मोजक्या दिवशी मात्र दार उघडतं. सकाळीच पोच, ओळखपत्र जवळ ठेव.

वर गेल्यावर इमारती मोजू नकोस, आधी पाण्याची वाट जुळव. पश्चिमेला अंबाझरी. तिथून नाग नदी बर्डीच्या कुशीतून पूर्वेला जाते. घरांच्या गर्दीत ती दिसणार नाही. जमिनीचा उतार बघ, म्हणजे कळेल. पुढे जुम्मा तलाव, म्हणजे गांधीसागर, आणि त्याच्या पलीकडे महाल. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये वसवलेलं आणि पुढे भोसल्यांनी वाढवलेलं नागपूर ते हेच. जुनी वस्ती पाण्याला धरून बसली आहे, हे वरून पाहिलं की मनात पक्कं होतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडला आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. मोरभवनाचं बसस्थानकही बुडालं. नव्या शहराला त्या उताराचा विसर पडला होता, असं मला ठामपणे वाटतं.

मग तू उभा आहेस त्या टेकडीचा विचार कर. एका अंगाला भोसल्यांचं शहर, दुसऱ्या अंगाला इंग्रजांची रेसिडेन्सी, आणि मध्ये ही उंच जागा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला आप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य इथेच इंग्रजांशी लढलं आणि हरलं. टेकडी कोणाच्या हातात, यावर शहर कोणाचं ते ठरलं. आज खाली, बर्डीच्याच स्टेशनवर, मेट्रोचे दोन्ही मार्ग एकमेकांना छेदतात. मोक्याची जागा काही बदललेली नाही. म्हणून जुनं नागपूर आणि नवं नागपूर असे दोन परिच्छेद पाडू नकोस, कळकळीने सांगतो.

दीक्षाभूमीचा घुमट नैऋत्येला शोध. १४ ऑक्टोबर १९५६ बद्दल मात्र घाईत दोन ओळी खरडू नकोस, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

उतरलास की थेट घरी जाऊ नकोस. पायीच जुम्मा तलाव गाठ, गांधी गेटमधून महालात शिर आणि वरून जे ओळखता आलं नाही ते तिथल्या जुन्या दुकानदारांना विचार. पहिला खर्डा न सुधारता माझ्याकडे पाठव.

तुझा,
काका