फाइल उघडते का, ते आधी बघ

प्रिय लेखिकाबाई,

रविवारी तू आलीस ती कथेतल्या आत्याबद्दल बोलायला, आणि आपण तासभर पटकथा लिहायच्या सॉफ्टवेअरच्या किमती बघत बसलो. निघता निघता म्हणालीस, "सर, मालिकेचा पहिला चेक आला की ते फायनल ड्राफ्ट सॉफ्टवेअर घेऊनच टाकते, मग जरा लेखक असल्यासारखं वाटेल." मी चहाचे कप उचलायचं निमित्त करून आत गेलो. डोंबिवलीला पोचायच्या घाईत बोललीस असं मी धरून चालतो.

मित्राकडून घेतलेली फायनल ड्राफ्टची ती क्रॅक, म्हणजे चोरीची प्रत आधी काढून टाक. त्यावर भाषण नको. मानधन बुडवणाऱ्यांना शिव्या घालणारी माणसं आपण.

आता मुद्दा. घे किंवा घेऊ नकोस, पण आपलं लिखाण आपल्याला उघडता आलं पाहिजे. आज, दहा वर्षांनी, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, खात्यात दमडी नसताना. तू हसशील, सर पुन्हा तेच म्हणतायत. म्हणणारच.

मी कलिन्याला तळमजल्यावर राहायचो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे तू शाळेच्या पुस्तकात वाचलं असशील. आमच्याकडे तो कमरेपर्यंत होता. पलंगाखालच्या ट्रंकेत माझी पहिली पटकथा होती, डावीकडे दृश्य, उजवीकडे संवाद, मधे पट्टीने मारलेली रेघ. तिचा लगदा झाला. मी मात्र निश्चिंत होतो, कारण सगळं टाइप करून सीडीत ठेवलं होतं आणि सीडी मेव्हण्याकडे गिरगावात होती. पुढे नवा कॉम्प्युटर आला, मी फाइल उघडली. पानभर चिन्हं, कंस, मधेच पौंडाची खूण. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या मशीनवर मराठी सारखीच उघडते त्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट होता तो. फॉन्टबरोबर एक कुलूप यायचं, प्लगसारखं, ते कॉम्प्युटरच्या पोर्टला लावल्याशिवाय फॉन्ट चालायचा नाही. कुलूप पाण्यात गेलं होतं. एकशे चौदा पानं माझीच, आणि मला एक ओळ वाचता येईना.

म्हणून ऐक. पैसे देण्यावर माझा राग नाही, राग भाड्यावर आहे. दरमहा भरायच्या वर्गणीत हिशोब सोपा दिसतो, पण मालिका बंद पडते तेव्हा पहिली बंद होते ती वर्गणी. आणि मालिका बंद पडतेच. एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी सॉफ्टवेअरं आहेत. फायनल ड्राफ्ट तशी मिळते, फेड इन तर त्याहून बरीच स्वस्त. फक्त वापरून बघायचं असेल तर रायटरड्युएटवर पहिल्या तीन संहिता फुकट होतात.

फायदे नाहीत असं म्हणणारा कधी शूटिंगला गेलेला नसतो. पानं आणि सीनचे नंबर एकदा लॉक, म्हणजे पक्के, केले की ४२ आणि ४३ च्या मधे घातलेला सीन ४२ए होतो, पुढचे नंबर हलत नाहीत. नाहीतर सेटवर अर्ध्या लोकांकडे जुना ५० असतो, अर्ध्यांकडे नवा. बदललेली पानं रंगावरून ओळखायची, आधी निळी, मग गुलाबी, मग पिवळी. कुठल्या पात्राचे किती सीन, कुठल्या लोकेशनला किती, ही यादी सहायक दिग्दर्शकाला काढून देता येते. हे सगळं सिनेमाला लागतं, आणि ज्याला लागतं त्या निर्मात्याने ते विकत घेऊन द्यावं. मागायला लाजू नकोस. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या मालिकेच्या सेटवर उद्याचे सीन रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर जातात, तिथे निळ्या पानाला कोण विचारतंय?

शिवाय ही सगळी मांडणी इंग्रजीच्या मापाने शिवलेली आहे. एक पान म्हणजे एक मिनिट, हा हिशोब बारा पॉइंटच्या कुरियर फॉन्टचा, जिथे प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. आपला 'क्ष्म्य' त्यात कुठे बसवणार? देवनागरीत मिनिटं पानांवरून मोजू नकोस, घड्याळ लावून मोठ्याने वाच. फायनल ड्राफ्टला युनिकोड यायलाच २०१८ उजाडलं, अकरावी आवृत्ती. त्याआधी आम्ही 'तुला काय वाटतं' हे रोमनमध्ये लिहायचो आणि नट ते हिंदीसारखं वाचायचे.

मी काय वापरतो? फाउंटन. ते सॉफ्टवेअर नाही, साध्या टेक्स्टमध्ये पटकथा लिहायची पद्धत आहे. पटकथालेखक जॉन ऑगस्ट आणि दिग्दर्शक स्टू मॅशविट्झ यांनी २०१२ मध्ये ती आणली. नोटपॅडमध्ये लिही, मोबाइलवर लिही, घाटकोपरच्या मेट्रोत उभ्याने लिही. इंग्रजीत पात्राचं नाव कॅपिटलमध्ये लिहिलं की ते ओळखलं जातं. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, म्हणून नावाआधी @ टाकायचा, @आत्या. सीनच्या मथळ्याआधी एक टिंब. एवढंच. मॅकवर बीट नावाचं अॅप ते फुकटात नीट मांडून देतं. आणि काही नसलं तरी फाइल उघडते. आपलं लिखाण आपल्याला उघडता येतं.

पीडीएफवर विसंबू नकोस. स्क्रीनरायटर्स असोसिएशनच्या नोंदणीला ती ठीक आहे, पण देवनागरी पीडीएफमधून मजकूर कॉपी करून बघ एकदा, काना एकीकडे आणि वेलांटी दुसरीकडे.

तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगतो. एका वेब सिरीजवरून मी गेलो तो याच हट्टापायी. त्यांना फायनल ड्राफ्टची फाइल हवी होती, मी पीडीएफ पाठवली आणि वर चार ओळी सुनावल्या. त्या सहायक मुलीने सगळ्या सीनची यादी हाताने केली, तीन रात्री जागून. पुढच्या भागांना दुसरा लेखक आला. माझं म्हणणं चूक नव्हतं. फाउंटनमधून तशी फाइल दोन मिनिटांत काढता आली असती, हेही खरं. पण कुणी नीट विचारलं असतं तर... असो. त्या मुलीला मी अजून फोन केलेला नाही.

तर मालिकेचा चेक आला की आधी टीडीएस कापून किती उरतो ते बघ. चेक वेळेवर येईल हे गृहीत धरू नकोस. त्यातून घ्यायचंच असेल तर चांगली खुर्ची घे, तुझी पाठ दुखते म्हणालीस. सिनेमा लागला, पानं लॉक करायची वेळ आली, की सॉफ्टवेअरचं बघू. तोवर दर शनिवारी सगळं साध्या टेक्स्टमध्ये दोन ठिकाणी ठेव, आणि त्यातली एक फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडून बघ. नुसती ठेवू नकोस, उघडून बघ.

आणखी एक. रविवारी कपाटातली ती सीडी बघून तू म्हणालीस, "सर, जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे कन्व्हर्टर मिळतात की आता." मी तुला तोडलं, जोडाक्षरं तुटतात म्हणालो. तुटतात की नाही ते मला माहीत नाही. मी कधी करून बघितलं नाही. वीस वर्षं मी ही गोष्ट सगळ्यांना सांगतोय, आणि ती पटकथा वाईट निघाली तर काय, हा विचार तू गेल्यावर पहिल्यांदा आला.

येत्या रविवारी सीडी ड्राइव्ह मिळाला कुठे तर घेऊन ये. आत्याचं त्यानंतर बोलू.

तुझा,
सर